कूटबद्ध बोगदा (सॉफ्टवेअर अपडेटसाठी)

फायरवॉलच्या आतील, थेट इंटरनेट नसलेल्या संगणकावर सॉफ्टवेअरचे अपडेट नेण्यासाठी दोन यंत्रांमध्ये उघडलेला कूटबद्ध मार्ग. बोलण्यात ‘टनेल’. तो एसएसएच, टीएलएस किंवा व्हीपीएन यांच्या साह्याने तयार होतो.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची रुग्णालय माहिती प्रणाली स्वीकारली. केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत सारे संगणकावर गेले, की कोणत्याही रुग्णालयाला आपला सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणे परवडत नाही. मात्र कडेकोट बंद ठेवलेला सर्व्हर अपडेटविना जुना पडतो, आणि हा धोका लहान नाही. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती, ती न बसवलेल्या ब्रिटिश रुग्णालयांचे काम १२ मे रोजी ठप्प झाले.

एसएसएच १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात लिहिले. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते, हे त्यामागचे कारण. अपडेटसाठी बहुधा त्याचा उलटा बोगदा वापरतात. ॲडमिनचा संगणक सर्व्हरपर्यंतही पोहोचतो आणि इंटरनेटपर्यंतही. ॲडमिन सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करतो आणि तिथले एक स्थानिक पोर्ट आपल्या बाजूच्या प्रॉक्सीशी जोडतो. सर्व्हरवरील एपीटी किंवा डीएनएफ या लिनक्सच्या पॅकेज-व्यवस्थापकाला तेच पोर्ट प्रॉक्सी म्हणून दिले, की पॅकेजेस उतरू लागतात. सेशन बंद केले की वाट मिटते. फायरवॉलमध्ये कायमची फट राहत नाही. ओपनएसएसएच ७.६ (२०१७) पासून स्वतंत्र प्रॉक्सीही लागत नाही, एसएसएचच ते काम करते.

बोगद्यामुळे वाट सुरक्षित होते, मालाची खात्री मिळत नाही. ती डिजिटल सहीने मिळते. डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेजांच्या यादीवर सही असते आणि प्रत्येक पॅकेजचा हॅश त्या यादीशी ताडला जातो. म्हणून साधे एचटीटीपी पुरेसे मानले जाई. जानेवारी २०१९ मध्ये एपीटीतच अशी त्रुटी सापडली, की वाटेत बसलेला हल्लेखोर खोटे पॅकेज घुसवू शकत होता. तेव्हा सही आणि कूटबद्ध वाट, दोन्ही हव्यात. तरीही २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात घातक कोड कंपनीच्याच सहीच्या अपडेटमधून पोहोचला. तिथे दोन्ही निरुपयोगी ठरले. नवे अपडेट आधी चाचणीच्या यंत्रावर बसवून पाहणे त्यामुळेच आवश्यक आहे.

हेच तंत्र वापरून हॉस्टेलमधला विद्यार्थी बहुधा उघड्याच असणाऱ्या पोर्ट ४४३ मधून बंदी घातलेल्या साइटवर जातो. तांत्रिक फरक काहीच नाही, फरक परवानगीचा आहे. विनापरवानगी प्रवेशावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ लागू होऊ शकते. फायरवॉलला बोगद्याच्या आतले दिसत नसल्याने तो कोणी, केव्हा, कशासाठी उघडला याची नोंद सर्व्हरवरच ठेवावी लागते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

यंत्रे अनेक असतील तर प्रत्येकासाठी बोगदा उघडू नये. आत एकच स्थानिक मिरर, म्हणजे पॅकेजांची प्रत ठेवणारा सर्व्हर, ठेवावा, बोगदा फक्त त्याच्यापर्यंत न्यावा आणि बाकीच्या संगणकांनी मिररवरून अपडेट घ्यावेत. बँडविड्थ वाचते, आणि नजर ठेवायची जागा एकच उरते.