घोडा मंडलावर : झाशीच्या राणीचा रोजचा सराव आणि कल्याणकर वैद्यांनी छापलेला ‘माझा प्रवास’

१.
झाशीचा किल्ला, पाठीशी बांधलेला दत्तक पुत्र दामोदर आणि तटावरून खाली झेपावणारा घोडा. हे चित्र महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने कुठे ना कुठे पाहिलेले असते. त्या एका झेपेच्या आधी कित्येक वर्षांचा सराव होता, ही गोष्ट मात्र चित्रात येत नाही. त्या सरावाचे वर्णन एका कोकणी भिक्षुकाने लिहून ठेवले आणि ते छापून आणले मूळच्या कल्याणच्या एका विद्वानाने. हा धागा त्या वर्णनाविषयी आहे.

२.
आजची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे पूर्वी कल्याण तालुक्याचाच भाग होती. घोड्याची आठवण या पट्ट्याला नवी नाही. स्वारीवरचे थकलेले घोडे जेथे बदलले जात ते बदलापूर, असे येथील लोक सांगतात. ही लोकव्युत्पत्ती आहे आणि ती तशीच घ्यावी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर या वाटांवर मराठी घोडदळाची ये-जा सुरू झाली, एवढे मात्र इतिहासाला ठाऊक आहे.

३.
त्या घोडदळाची शिस्त सभासदाच्या बखरीत दिसते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालवाला व एक नालबंद. स्वाराइतकीच घोड्याच्या पाण्याची व खुरांची काळजी राज्यव्यवस्थेत मोजली जात होती. चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीला महाराजांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात पावसाळ्यापुरते दाणा-वैरण जपून वापरण्याची, आणि उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेल्यास गंजी जळेल याचीही ताकीद आहे. अश्वविद्या तबेल्यापासून सुरू होते, हे त्या काळच्या माणसांना पक्के माहीत होते.

४.
ही परंपरा पेशवाईबरोबर संपली नाही. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसरा बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, जाऊन राहिला. त्याच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांबे यांची मुलगी मणिकर्णिका त्याच वाड्यात वाढली. नानासाहेबांच्या बरोबरीने ती घोड्यावर बसण्यास व हत्यार चालविण्यास शिकली, असे तिची चरित्रे सांगतात. १८४२ साली झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांचा मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने झाशी खालसा केली.

५.
आता त्या भिक्षुकाकडे वळू. विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातील वरसईचे. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता आली. म्हणून १८५७ साली ते चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. फिरत फिरत ते झाशीस पोहोचले, तेथे राहिले, आणि १८५८ च्या वसंतात शहराचा वेढा व विध्वंस त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

६.
गोडसे लढवय्ये नव्हते. त्यामुळेच त्यांनी टिपलेल्या साध्या गोष्टींना मोल आहे. त्यांच्या लेखनात राणीची दिनचर्या येते. पहाटे उठून व्यायाम, त्यात मल्लखांब. मग घोडा मंडलावर धरणे. मग स्वतः स्वार होऊन रपेट. मग भिंत किंवा खंदक यांवरून घोडा उडविणे. पुढे स्नान, पूजा, दानधर्म आणि दुपारनंतर राज्यकारभार. राणी कधी पायजमा, अंगरखा व टोपी अशा वेषात, कमरेस तलवार लावून दरबारात येत, असेही ते सांगतात.

७.
या क्रमाकडे नीट पाहावे. मल्लखांब आधी का? घोड्यावरचा तोल हातांत नसतो. तो मांड्यांत, कमरेत आणि पाठीत असतो. मल्लखांबावर शरीर मांड्यांच्या पकडीवर तोलावे लागते, आणि खोगिरावर नेमकी तीच पकड उपयोगी पडते. लगाम ओढून तोल सावरणारा स्वार घोड्याचे तोंड दुखावतो व त्याला बिथरवतो. मांड पक्की असलेल्या स्वाराचा हात मोकळा राहतो, आणि मोकळ्या हातात तलवार धरता येते.

८.
मंडलावर धरणे म्हणजे लांब दोरीवर घोडा आपल्याभोवती गोल फिरविणे. यात घोड्याचे अंग मोकळे होते, त्याचा सकाळचा उधळेपणा ओसरतो आणि त्याची चाल बघणाऱ्याच्या लक्षात येते. कोणता पाय आखडतो, श्वास कसा आहे, कान कुठे वळतात, हे सगळे स्वार होण्याआधी कळते. आजही जगभरच्या अश्वारोहण शाळांत नवशिक्याचे पहिले धडे अशाच वर्तुळात होतात. घोडा शिक्षकाच्या दोरीत असल्याने शिकणाऱ्याला फक्त स्वतःच्या तोलाकडे लक्ष देता येते. भीती जाते ती अशा सुरक्षित पुनरावृत्तीने. उडी सर्वांत शेवटी येते.

९.
या सरावाने राणीला आणखी एक गोष्ट दिली : नजर. उत्तर हिंदुस्थानात घोड्याची पारख करणाऱ्या मोजक्या जाणकारांत त्यांची गणना होई, असे गोडसे लिहितात. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. एक सौदागर दिसायला सारखेच उमदे असे दोन घोडे घेऊन आला. राणीने दोन्ही फिरवून पाहिले. एकाची किंमत त्यांनी हजार रुपये केली आणि दुसऱ्याची अवघी पन्नास. दुसऱ्याची छाती आतून दुखावलेली आहे, असे कारण दिले. सौदागराने ते कबूल केले. चाल अंगाने ओळखण्याची ही विद्या वर्षानुवर्षांच्या रपेटीतूनच येते.

१०.
त्या काळच्या ब्राह्मण घरातील विधवेकडून समाजाची अपेक्षा काय होती, हे लक्षात घेतले म्हणजे या दिनचर्येचे धाडस कळते. पती गेलेला, राज्य गेलेले, हाती महिना पाच हजारांची पेन्शन देऊ केलेली. अशा स्थितीत रोज सकाळी घोड्यावर बसण्याचे कोणतेही बाह्य कारण उरले नव्हते. सराव मात्र चालू राहिला. १८५७ साली राज्यकारभार पुन्हा हाती आला तेव्हा अंग व मन दोन्ही तयार होती.

११.
४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी झाशीतून बाहेर पडल्या. गोडशांच्या वर्णनात तटावरून उडी नाही. मुलाला पाठीशी बांधून, निवडक स्वारांसह, घोड्यावरून शहराच्या दरवाजाने त्या वेढा फोडून निघाल्या. पाठलाग करणाऱ्या इंग्रज स्वारांना चुकवत त्यांनी सुमारे शंभर मैलांवरची काल्पी गाठली. एका झेपेपेक्षा ही दौड कितीतरी कठीण. झेपेला एक क्षण पुरतो. दौडीला दम, घोड्याच्या ताकदीचा अंदाज आणि अंधारात स्थिर राहिलेले मन लागते.

१२.
पुढे काल्पीच्या परिसरात एका विहिरीपाशी गोडशांची राणीशी पुन्हा गाठ पडली. लढाईतून आलेल्या, धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. गोडसे पाणी काढून देण्यास पुढे झाले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाला हे काम नको म्हणून राणीने स्वतः दोर धरला व ओंजळीने पाणी प्याल्या. घोड्यावरची तीच मूर्ती येथे जमिनीवर, थकलेली अशी दिसते.

१३.
जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथील लढाईत राणी पडल्या. नाल्यापाशी त्यांचा नवा घोडा अडला, अशी परंपरा आहे. ती खरी मानली तर तिचा अर्थ स्पष्ट आहे : उडी एकट्या स्वाराची नसते, रोज मंडलावर फिरलेल्या घोड्याचीही असते.

१४.
गोडसे गंगेची कावड घेऊन वरसईस परतले. त्यांचे घराणे कल्याणच्या वैद्यांचे उपाध्याय. १८६१ साली कल्याणात जन्मलेल्या चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हकीकत लिहिली. गोडशांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापली. छापताना त्यांनी भाषा व मजकूर यांत बराच बदल केला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली.

१५.
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांनी हे पुस्तक वाचताना पोतदारांची आवृत्ती शेजारी ठेवावी. गोडशांनीही बऱ्याच वर्षांनंतर आठवणीतून लिहिले आहे, हे विसरू नये. पण दिनचर्येची ती पाने सावकाश वाचावीत. तेथे चमत्कार नाही. पहाट आहे, मल्लखांब आहे आणि गोल फिरणारा एक घोडा आहे. ४ एप्रिलच्या रात्रीचे धैर्य त्या वर्तुळात थोडेथोडे जमत गेले होते.