बाळूचा बॉल, बाळूचा कप

आजोबांचं लहानपण निजामाच्या राज्यातल्या बीडमध्ये गेलं. क्रिकेटपटू पालवणकर बाळू हे नाव त्यांनी ऐकलं ते पुढे, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात, वसतिगृहातल्या रात्रीच्या गप्पांत. बाळूचा खेळ त्यांनी कधी पाहिला नाही. पण सांगायला लागले की डावा हात खांद्यावरून असा फिरवायचे, की समोरच्यानं अंग चोरावं.

बाळू चांभार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची. तिथल्या ग्रेगसाहेबाला बॅटिंगचा सराव हवा म्हणून हा बॉल टाकायचा. साहेबाला बाद केलं की म्हणे आठ आणे मिळत! आठ आण्यांची गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. आजोबा ती गाळत नसत. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही.

मग पुण्याच्या हिंदू संघानं त्याला घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. चहाच्या सुट्टीत सगळे पॅव्हेलियनमध्ये कपबशी घेऊन, आणि बाळू बाहेर, मातीच्या कुल्हडात. जेवणाचं ताटही वेगळं. इथं आजोबांचा आवाज चढायचा : "बाळूनं टाकलेला बॉल झेलाया चालतो, अन् कपाला हात लागला की बाटला! बॉल बी कातड्याचाच की रं!"

अमेरिकेत बेसबॉलमध्ये काळ्या पिचरना गोऱ्यांच्या संघात जागाच नव्हती. त्यांना आपली वेगळी लीग उभारावी लागली. आपल्याकडे संघात घेत, पंगतीत नाही. यातलं जास्त अपमानाचं कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूचे आठ बळी. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर. तरी कप्तानपद नाहीच. १९२०मध्ये बाळूला वगळून देवधरांकडे नेतृत्व गेलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ संघातून बाहेर पडले. तीन वर्षांनी विठ्ठल कप्तान झाला.

आजोबांची गोष्ट इथं थांबायची. पुढचं मला पुस्तकांतून कळलं : १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून उभा राहिला, तो थेट बाबासाहेबांविरुद्ध. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "म्हाईत हाय मला." आणि पुन्हा ग्रेगसाहेबाच्या आठ आण्यांवर आले.