जनावरे कोणाची?

चित्रकलेचा आणि कर्जवसुलीचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. वीस वर्षे ब्यांकेत लेजरे ओढलेल्या माणसाला तो दिसतो. गुरांचे कुठलेही चित्र पाहिले, की रंगबिंग राहिले बाजूला, माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : जनावरे कोणाची?

हॉलंडच्या पाउलुस पॉटरने १६४७ साली एक तरुण बैल रंगवला, जवळजवळ खऱ्या बैलाएवढा. शेजारी गाय, मेंढ्या आणि झाडाशी टेकलेला त्यांचा राखणदार. १७९५ साली फ्रेंच फौजांनी हा बैल पॅरिसला नेला. नेपोलियन पडल्यावर तो परत आला. जप्तीतला बैल सुखरूप घरी आल्याचे मला ठाऊक असलेले हे एकमेव उदाहरण!

आमच्या शिरगावात तसा बैल नाही, किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. किल्ल्यांची नोंद बखरकारांनी ठेवली. गुरांची ठेवली आमच्या जिल्ह्यातल्या वारल्यांनी, कुडाच्या भिंतींवर. गेरूवर तांदळाच्या पिठाने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की झाला माणूस. आडवे धरून पाय, शिंगे दिली की बैल. दोघांना एकाच मापाने मोजणारी ही भूमिती आम्हाला कॉमर्सला कोणी शिकवली नाही बुवा!

लग्नाचा चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे मात्र लग्नसराईची वाट न पाहता रोज चित्रे काढू लागले, सत्तरच्या दशकात कागदावर आले आणि २०११ साली पद्मश्री झाले. पिकलेली भाते, तारपा, गुरे, गुराखी : सारा शरद त्या काडीच्या टोकावर.

पण शरदातले गवत नुसते डुलत नाही, ते कापावे लागते. १९४५च्या ऑक्टोबरात इथल्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर गवतकापणीचा संप केला. मागणी काय, तर पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. उत्तरादाखल तलवाड्याला गोळीबार झाला. पाच माणसे गेली.

मी पाहिलेल्या वारली चित्रांत गवत आहे, गुरे आहेत. जमीनदार कुठेच नाही. जनावरे कोणाची, याचे भिंतीवरचे उत्तर सरळ आहे : जो त्यांच्यामागे चालतोय त्याची. या मालकीवर कर्ज तेवढे मिळत नाही.