चित्राला वाणी देणारे

पडद्यावरचा नट बोलू लागतो तेव्हा त्याचा आवाज बहुधा त्याच्याच देहातून आलेला असतो. रेखाटलेल्या माणसाची गोष्ट निराळी आहे. त्याला देह मिळतो चित्रकाराच्या हातून, आणि वाणी कोणा अदृश्य माणसाकडून उसनी घ्यावी लागते. म्हणून व्यंगपटाची गुणवत्ता ठरविताना केवळ रेषेची सफाई पाहून भागत नाही. ती उसनी वाणी त्या देहात नांदू लागली की नाही, हेही पाहावे लागते. या कलेच्या इतिहासात मान मिळाला तो बहुधा रेषेला. आवाज पडद्याआड राहिला. परंतु चित्र लोकांच्या स्मरणात टिकले ते पुष्कळदा त्या आवाजाच्याच बळावर.

विज्ञानकल्पित व्यंगपटांच्या पहिल्या पिढीतच याचे ठळक उदाहरण सापडते. परग्रहावरून आलेला ‘सुपरमॅन’ १९३८ साली अमेरिकेतील चित्रकथेत अवतरला आणि १२ फेब्रुवारी १९४० पासून नभोवाणीवर ऐकू येऊ लागला. १९४१ साली मॅक्स आणि डेव्ह या फ्लायशर बंधूंनी मायामी येथील आपल्या चित्रशाळेत त्याच्यावर व्यंगपट काढला. पहिल्याच लघुपटावर सुमारे ५० हजार डॉलर खर्च झाले. त्या काळच्या नेहमीच्या व्यंगपटाहून ही रक्कम कितीतरी अधिक होती. यंत्रमानव, प्रचंड किरणयंत्रे, रात्रीच्या नगरावर पडणाऱ्या गडद छाया, हे सारे अपूर्व काळजीने रेखाटले गेले. १९४३ पर्यंत असे १७ लघुपट निघाले. त्यांतील पहिले ९ फ्लायशर बंधूंचे होते.

एवढे द्रव्य वेचूनही निर्मात्यांना नायकाच्या वाणीसाठी नभोवाणीचेच दार ठोठवावे लागले. नभोनाट्यातील नट बड कॉलियर हाच व्यंगपटात बोलला आणि वार्ताहर नायिकेचा आवाज जोन अलेक्झांडर हिने दिला. कॉलियरची युक्ती साधी होती. भित्र्या पत्रकाराच्या तोंडी त्याचा स्वर उंच व मऊ असे. तोच मनुष्य वीररूप धारण करू लागला की वाक्य पुरे होण्याच्या आत तो स्वर खोल, भारदस्त होई. नभोवाणीच्या श्रोत्याला वेषांतर दिसत नव्हते, म्हणून ते कानाला दाखविणे भाग होते. पडद्यावर वेषांतर दिसत असतानाही हीच युक्ती उपयोगी पडली, कारण रेषेत नसलेला मानवी बदल तिने चित्रात आणला. मात्र या नटाचे नाव व्यंगपटाच्या श्रेयनामावलीत नव्हते.

भारतात रेषेचा हा खेळ मराठी हातांनी आरंभी फार अल्प साधनांत मांडला. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या मूकपटात आगकाड्या एकेक चौकटीगणिक हलवून त्यांना चालते केले. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला, तेव्हा बोलपटाचे युग सुरू होऊन तीन वर्षे लोटली होती. पुढे १९५६ साली मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग उभा राहिला आणि डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना शिक्षण दिले.

त्या विभागात घडलेले भीमसैन यांनी ज्याची चित्रे हलविली, तो ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ सालचा लघुपट या दृष्टीने फार बोलका आहे. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे या शिक्षण खात्यातील अधिकारी होत्या. चित्रे सपाट, हालचाल मोजकी, कथा जाळ्यासह उडून जाणाऱ्या पाखरांची. फ्लायशर बंधूंच्या वैभवाचा तेथे मागमूसही नाही. परंतु वसंत देसाई यांच्या चालीवर साधना घाणेकर, म्हणजे पुढे गायिका म्हणून नावारूपास आलेल्या साधना सरगम, यांचा कोवळा स्वर निनादू लागतो आणि रेषांचे दारिद्र्य कोणाच्या ध्यानातही येत नाही. खरोखरीचे मूल प्रश्न विचारीत आहे, अशी प्रतीती त्या आवाजाने दिली. लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याहून मोठे यश हे की एक सबंध पिढी ते गाणे गुणगुणत वाढली.

त्यानंतर अवघ्या वर्षभरात विज्ञानकल्पनाच प्रत्यक्षात खेड्यांत उतरली. पृथ्वीवरून स्थिर भासणाऱ्या उपग्रहांतून जगाशी बोलता येईल, हे आर्थर क्लार्क या विज्ञानकथाकाराने १९४५ सालीच मांडले होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविली गेली. त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे होते. भिलाईच्या पोलाद कारखान्यालगतची रिसाली याच दुर्ग जिल्ह्यातली. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या मुंबईतील कलागृहात तयार झाले.

या योजनेत चित्रासाठी एक वाहिनी होती आणि ध्वनीसाठी दोन. म्हणजे एकच चित्र एका वेळी दोन भाषांत बोलू शकत होते. हिंदी, कन्नड, ओडिया व तेलुगू या चार भाषांना त्या वर्षी अंतराळातून वाणी लाभली. परंतु दुर्गच्या खेड्यातील मूल घरी छत्तीसगढी बोले. त्याच्या कानी विज्ञान आले ते शाळेच्या हिंदीतून. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषांचा कारभार त्याच्या परिचयाचा होता. राज्यकारभाराची भाषा आणि चुलीपाशी बोलली जाणारी भाषा निराळी असू शकते, हे तेथील जनतेला कोणी सांगावयास नको होते.

चित्र काढणे महाग, त्या मानाने त्याला दुसरी वाणी देणे स्वस्त. तरी निर्मितीचा हिशेब मांडताना हात प्रथम आखडतो तो या स्वस्त बाजूवरच. सुपरमॅनच्या वैभवाला नभोनटाचा कंठ लागला आणि पाखरांच्या साध्या चित्रांना एका बालिकेच्या स्वराने पंख दिले. मग परग्रहाची, यंत्रमानवाची किंवा ताऱ्यांची गोष्ट सांगणारे चित्र रिसालीच्या मुलाशी त्याच्या आईच्या बोलीत बोलू लागले, तर त्याची गुणवत्ता तेवढ्यानेच वाढेल. रेषा मुलाचे डोळे खिळवून ठेवील. पण ही गोष्ट आपलीच आहे, असा विश्वास त्याच्या मनात जागविण्याचे काम आवाजालाच करावे लागते.