सेरोटोनिन आणि कीटकांच्या प्रकाशसंवेदी चेतापेशी

कीटकाच्या संयुक्त नेत्रातील प्रकाशग्राही पेशी आणि मेंदूतील काही घड्याळ-चेतापेशी (शरीराचे दैनंदिन घड्याळ चालवणाऱ्या पेशी) उजेडाला किती दाद देतात, हे सेरोटोनिनमुळे बदलते. हे रसायन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीरातच बनते. १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे ते रक्तजलातून वेगळे करण्यात आले. कीटकाच्या डोळ्यातून पुढच्या चेतापेशीकडे निरोप नेण्याचे काम हिस्टामीनचे. तो निरोप किती ठळक आणि किती वेगाने निघावा, यावर सेरोटोनिनचा प्रभाव असतो. हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

उजेड पडला की प्रकाशग्राही पेशीत सोडियम व कॅल्शियमचे आयन शिरतात आणि तिचे विद्युत् विभव वाढते. (माणसाच्या डोळ्यात नेमके उलट घडते.) बाहेर पडणारे पोटॅशियमचे आयन ही वाढ आवरतात. वाळवंटी टोळाच्या डोळ्यात दिवसा हा पोटॅशियमचा प्रवाह टिकून राहतो. संकेत लहान पण चपळ होतो, आणि भर उन्हात उडताना तसाच हवा. रात्री प्रवाह क्षणभर वाहून ओसरतो. संकेत संथ होतो, पण अंधुक उजेडही टिपला जातो. केंब्रिजच्या संशोधकांनी दिवसाच्या पेशींना सेरोटोनिन दिले तेव्हा त्या रात्रीच्या पेशींसारख्या वागू लागल्या; हे काम १९९५ साली प्रसिद्ध झाले.

फळमाशीच्या घड्याळ-चेतापेशींत क्रिप्टोक्रोम हे प्रकाशसंवेदी प्रथिन असते. उजेडात त्याच्यामुळे 'टाइमलेस' हे दुसरे प्रथिन नष्ट होते आणि शरीराचे घड्याळ सरकते. सेरोटोनिन वाढले की घड्याळ उजेडाला कमी जुमानते, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अमिता सेहगल यांच्या गटाने २००५ साली दाखवले. एकच रसायन टोळाचा डोळा अंधारासाठी तयार करते आणि फळमाशीचे घड्याळ उजेडाच्या धक्क्यापासून जपते, ही या विषयातील सर्वांत विलक्षण बाब आहे.

कुर्डुवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) परिसरातील ऊसकऱ्यांना कीटकाच्या दृष्टीचा प्रश्न उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या किडीमुळे जवळचा आहे. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर जमून पाला खातात, तिथेच त्यांचे मिलन होते, आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. प्रकाश सापळे लावायचे ते याच दिवसांत, आणि गावाने मिळून. एकट्याच्या सापळ्याने शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आटोक्यात येत नाहीत. टोळावरचे निष्कर्ष मात्र हुमणीला जसेच्या तसे लावू नयेत. टोळाच्या संयुक्त नेत्रातील प्रत्येक नेत्रिका (छोटा घटक-डोळा) आपल्यापुरता प्रकाश घेते, तर रात्री वावरणाऱ्या अशा भुंगेऱ्यांत अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एकाच जागी एकवटतो. अंधुक उजेडात पाहण्याची बरीचशी सोय तिथे डोळ्याच्या रचनेतच झालेली असते.