आजीची बाज आणि डॉक्टर वॉरन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९६८ सालचा पावसाळा. मी तेव्हा आठवीत होतो. आमचे घर वाईजवळच्या एका खेड्यात. श्रावणात आजीला ताप आला, छाती भरली. डॉक्टर सायकलवरून येऊन पेनिसिलिनची इंजेक्शने देऊन जात. आठ-दहा दिवसांत ताप उतरला. ‘आता काळजी नाही,’ असे सांगून डॉक्टरांनी बॅग मिटली.

खरी काळजी त्यानंतर सुरू व्हायला हवी होती, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. अण्णा म्हणाले, ‘जन्मभर राबली ती. आता तिला बाजेवरून पाय खाली टाकू द्यायचा नाही.’ त्यांचे आईवर अतोनात प्रेम होते आणि घरातल्या सर्वांनी त्यांचा शब्द मानला. जेवण बाजेवर, चहा बाजेवर, बाकीचे सारेही तिथेच. दुपारी शाळेतून आलो की आजी मला म्हणायची, ‘मला जरा ओट्यापर्यंत ने रे.’ मी म्हणायचो, ‘अण्णा रागावतील.’ पंधरा-वीस दिवसांनी तिला एकदा उभे केले, तर पाय लटपटले. ‘बघा, अजून किती अशक्तपणा आहे,’ म्हणून पुन्हा निजवले. पुढे पाठीला जखमा झाल्या, बोलण्यात असंबद्धपणा आला आणि दिवाळीनंतर ती गेली. सगळे म्हणाले, वय झाले होते.

पुढे मी डॉक्टर झालो, चाळीस वर्षे दवाखाना चालवला. ‘वय झाले’ हे निदान मीही अनेकदा केले असेल. पण या दोन शब्दांविरुद्ध काही माणसे शंभर वर्षांहून अधिक काळ लढत आली आहेत. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे.

या गोष्टीतला पहिला माणूस म्हणजे इग्नाट्झ नाशर. जन्म व्हिएन्नाचा, कर्मभूमी न्यूयॉर्क. विद्यार्थिदशेत तो गोरगरिबांच्या आश्रमात गेला असताना एका म्हातारीने पाय दुखत असल्याची तक्रार केली. सोबतच्या डॉक्टरांनी सांगितले, हे म्हातारपण आहे, याला काही करता येत नाही. ते उत्तर नाशरला खटकले. लहान मुलांच्या वैद्यकाची जशी वेगळी शाखा असते, तशी वृद्धांसाठी का नसावी, असे त्याला वाटले. १९०९ साली त्याने या शाखेला ‘जेरियाट्रिक्स’ हे नाव दिले आणि १९१४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. नाव मिळाले खरे, पण काम उभे राहायला आणखी पंचवीस वर्षे जायची होती.

ते उभे केले लंडनच्या एका बाईंनी, डॉ. मार्जरी वॉरन यांनी. १८९७ सालचा जन्म, शस्त्रक्रियेची आवड. पश्चिम लंडनमधल्या आयलवर्थच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्या काम करीत. इंग्लंडात तेव्हा निराधारांसाठी ‘वर्कहाउस’ नावाची आश्रयस्थाने असत आणि त्यांना जोडून रुग्णालये असत. १९३५ साली शेजारचे असे एक रुग्णालय वेस्ट मिडलसेक्समध्ये विलीन झाले आणि त्यातल्या सातशेहून अधिक जुनाट रुग्णांची जबाबदारी वॉरनबाईंवर आली.

त्यांनी पाहिले ते काय? लांबच लांब कक्ष, कोंदट उजेड, ओळीने खाटा आणि त्यांवर वर्षानुवर्षे पडून असलेली म्हातारी माणसे. कुणाला पक्षाघात झालेला, कुणाचे हाड मोडलेले, तर कुणी तिथे का आहे हेच कुणाला सांगता येईना. नीट निदान नाही, उपचार नाहीत. अन्नपाणी आणि स्वच्छता मिळत होती, पण मरणाची वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते.

बाईंनी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक रुग्णाला तपासले. याला नक्की काय झाले आहे, यातले बरे होण्याजोगे किती, हा चालू शकेल का, घरी कोण आहे, असे प्रश्न त्या विचारत गेल्या. मग ज्याला शक्य त्याला उठवले, बसवले, उभे केले, चालवले. भिंतींना उजळ रंग दिला, दिवे वाढवले, धरून चालायला कठडे बसवले. डॉक्टर, परिचारिका, व्यायाम घेणारे आणि समाजसेवक यांनी एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करायचा, अशी पद्धत पाडली. कायमचे अंथरुणाला खिळलेले समजले गेलेले कितीतरी जण आपल्या पायांनी घरी किंवा आश्रमात गेले आणि खाटा रिकाम्या झाल्या. १९४३ आणि १९४६ साली बाईंनी हे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. १९६० साली रस्ते अपघातात त्यांचा अंत झाला.

याच सुमारास, १९४७ साली, रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला. पडून राहिल्याने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाडांतला चुना कमी होतो, पाठीला जखमा होतात, मन खचते. तो लेख अनेक वर्षांनी माझ्या वाचनात आला, तेव्हा मी आधी त्यावरचे साल पाहिले. आजीची बाज घालण्यापूर्वी एकवीस वर्षे हे छापून आले होते.

अर्थात वॉरनबाईंच्या कामात एक उणीव होती. त्यांच्याकडे अनुभव होता, पण तुलना नव्हती. त्यांच्या पद्धतीने उपचार झाले नसते तर काय झाले असते, हे कसे कळणार? ती तुलना १९८४ साली अमेरिकेत लॉरेन्स रुबेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. लॉस एंजेलिसजवळच्या सेपुल्वेडा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १२३ वृद्ध रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला वॉरनबाईंच्या धर्तीवर सर्वांगीण तपासणी आणि एकत्रित देखभाल. वर्षभरात पहिल्या गटातले सुमारे ४८ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले सुमारे २४ टक्के. २०१७ साली अशा २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत नऊ देशांतले तेरा हजारांहून अधिक रुग्ण होते. मृत्यूच्या प्रमाणात इतका मोठा फरक सगळीकडे दिसला नाही, पण अशी देखभाल मिळालेले वृद्ध पुढे आपल्या घरी राहण्याची शक्यता वाढते, हे स्पष्ट झाले.

स्नायूंचे काय? १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी आठ आठवडे तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पटींच्या आसपास गेली आणि दोघांनी काठी सोडली. याची दुसरी बाजू २००७ सालच्या एका प्रयोगात दिसली. साठी उलटलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेवढ्यात पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. दहा दिवस, आणि तेही निरोगी माणसांचे! आजीला आम्ही तीन महिने निजवले होते.

आणि ते असंबद्ध बोलणे? १९९९ साली अमेरिकेत शॅरॉन इनोये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना अगदी घरगुती म्हणाव्यात अशा गोष्टी दिल्या. चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवणे, वेळेवर पाणी देणे, आज वार कोणता ते सांगणे, रात्री झोपमोड न करणे, दिवसातून काही वेळा चालवणे. नेहमीच्या गटात १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, या गटात १० टक्क्यांहून थोडा कमी. २०१९ साली स्पेनमधल्या पाम्प्लोना इथून आणखी एक अभ्यास आला. रुग्णालयात दाखल असतानाच व्यायाम दिलेले पंचाहत्तरीपुढचे रुग्ण घरी जाताना आपली कामे अधिक चांगली करू शकत होते, तर नेहमीच्या उपचारांतले रुग्ण आले त्यापेक्षा परावलंबी होऊन जात होते.

आपल्या देशात या शाखेची सुरुवात मद्रासला झाली. तिथल्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग काढला. २०१० साली केंद्राने वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे दहा कोटींच्या वर होती. इतक्या माणसांना पुरतील एवढे तज्ज्ञ कुठून आणणार? म्हणून घरातल्या माणसांना हे कळणे महत्त्वाचे.

२०१४ साली माझ्या आईला चौऱ्याऐंशीव्या वर्षी न्यूमोनिया झाला. तिला रुग्णालयात ठेवले. माझी धाकटी बहीण कळवळून म्हणाली, ‘दादा, तिला पडू दे रे, किती दमलीय.’ क्षणभर मला अण्णांचाच आवाज ऐकू आला. मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी होकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी आईला खुर्चीत बसवले, तिसऱ्या दिवशी दोघांनी धरून दारापर्यंत नेले. घरून चष्मा आणि कानाचे यंत्र मागवले. आई कुरकुरत होती, माझ्यावर चिडलीही. आठव्या दिवशी ती घरी आली ती रिक्षातून उतरून, माझा हात धरून, चालत. ती आणखी चार वर्षे होती.

प्रत्येकाच्या बाबतीत असेच होईल, असे मी म्हणणार नाही. काही आजारांत विश्रांती लागतेच आणि केव्हा उठवायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पण विचारायचे आपण. घरातले म्हातारे माणूस आजारी पडले की औषधाच्या चिठ्ठीसोबत एवढे विचारून घ्या: यांना आज उठवू का? किती वेळ बसवू? कुठपर्यंत चालवू? आणि त्यांनी स्वतःहून ‘मला ओट्यापर्यंत ने’ म्हटले, तर आधी त्यांचे ऐका.