कवडी, आरसा आणि पावली: बंजारा नवरीच्या घुंगटोची गोष्ट

इतिहास म्हटलं की आपण किल्ले शोधतो, ताम्रपट शोधतो, बखरी उघडतो. आज आपण एक ओढणी वाचणार आहोत.

बंजारा नवरीच्या ओढणीचा जो भाग कपाळावर येतो, तिथे दाट भरतकाम असतं. त्यावर आरसे, कवड्या आणि नाणी शिवलेली असतात. या भागाला म्हणतात घुंगटो. खाली घेरदार फेटिया, वर आरशांची कांचळी आणि डोक्यावर हा घुंगटो. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, परळी, बीड जिल्ह्यात कुठल्याही बाजूला निघा, तांडे आहेतच. आणि तांड्यावर एखाद्या जुन्या पेटीत घडी घालून ठेवलेला घुंगटो अजूनही निघतो.

हे काम बाजारातून करून आणायचं नव्हतंच मुळी. मुलगी लहानपणी याडीच्या, म्हणजे आईच्या, शेजारी बसून सुई धरायला शिकायची. जाडं सुती कापड घ्यायचं आणि रंगीत दोऱ्याने भरत जायचं. आरशाला भोक नसतं, मग तो शिवायचा कसा? आधी त्याच्यावरून आडवे-उभे दोरे टाकून जाळी करायची आणि मग त्या जाळीच्या कडेकडेने गोल टाका घालत दोरा बाहेर ओढायचा. आरसा घट्ट बसतो, भोवती रंगाची चौकट तयार होते. एक आरसा झाला की दुसरा. असे कितीतरी. कागदावर नक्षी काढलेली नसायची, सगळं डोक्यात. घरकाम आणि गुरं सांभाळून उरलेल्या वेळात हे चालायचं, त्यामुळे लग्नाचे कपडे पुरे व्हायला महिनेच्या महिने लागायचे.

आता खरी गंमत. मराठवाड्याला समुद्र नाही. मग कवड्या आल्या कुठून?

या कवड्यांचं मोठं उगमस्थान म्हणजे मालदीव बेटं. तिथून त्या जहाजांनी हिंदुस्थानात यायच्या. बंगालमध्ये तर कित्येक शतकं कवडी हे चलन होतं. आपण आजही ‘कवडीमोल’ म्हणतो ते यामुळेच. किनाऱ्यावरचा माल आत, डोंगर-घाट ओलांडून दख्खनपर्यंत न्यायचा तर बैल हवेत, आणि बैलांचे मोठमोठे काफिले बंजाऱ्यांकडे होते. ‘तांडा’ हा शब्द आज आपण वस्तीसाठी वापरतो, पण मुळात तांडा म्हणजे हा चालता काफिला. मीठ आणि धान्य बैलांवर लादून गावोगाव नेणं हा त्यांचा धंदा, त्याला लदेणी म्हणत. लमाण हे नाव लवण म्हणजे मिठावरून आलं असं बरेच अभ्यासक मानतात. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांचं वर्णन केलंय. विचार करा, एका रांगेत दहा हजार बैल!

सैन्यांचं पोटही यांच्यावरच चालायचं. आधी मुघल, पुढे इंग्रज. १७९१-९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणवर गेलेल्या कॉर्नवॉलिसच्या फौजेला बंजाऱ्यांनी धान्य पुरवलं. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ मराठ्यांशी लढलेला वेलस्लीसुद्धा धान्यासाठी याच बैलांवर अवलंबून होता. इतिहासाच्या पुस्तकात सेनापतीचं नाव आलं, धान्य आणणाऱ्यांचं नाही आलं. त्यांच्या बायकांनी मात्र त्या रस्त्यांची खूण कपड्यावर शिवून ठेवली.

मग १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढच्या काही दशकांत रूळ आत-आत येत गेले. १९०० च्या सुमाराला मनमाड-जालना मार्गाने मराठवाड्यातही गाडी धावू लागली. जे ओझं शेकडो बैल कित्येक दिवसांत नेत, ते वाघिणी एका दिवसात न्यायला लागल्या. लदेणी संपली. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, अशी त्यामागची समजूत. अनेक भागांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. चालता तांडा माळरानावर, डोंगराच्या कडेला, हलक्या जमिनीवर थांबला.

घुंगटोवरची नाणीही बघा. आधी चांदीची होती. १९४० नंतर रुपयातली चांदी कमी झाली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. तरी नाणं शिवणं थांबलं नाही, पावल्या आल्या. ३० जून २०११ नंतर २५ पैशांचं नाणं चलनातून बाद झालं. दुकानदार घेत नाही ती पावली ओढणीवर मात्र चमकत राहिली. मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे मला हे बघून हसू येतं आणि आदरही वाटतो. कवडीचा काळ, चांदीचा काळ, निकेलचा काळ, सगळ्या नोंदी एकाच कापडावर. आणि लिहिणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

मग हे काम थांबायला का लागलं? सोपं उत्तर म्हणजे ‘नव्या मुलींना आवड नाही, रेडीमेड लेस मिळते.’ मला हे उत्तर अपुरं वाटतं. भरतकामाला सर्वांत जास्त लागतो तो वेळ. आणि बीडमधल्या कष्टकरी बाईचा वेळ आधीच विकला गेलेला असतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. त्यात बंजारा आहेत, वंजारी आहेत, दलित आहेत, इतरही आहेत. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. पहाटे अंधारात फडात, दिवसभर तोडणी, डोक्यावर मोळ्या, रात्री कोपीत स्वयंपाक. पट्टा पडून गावी परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. सांगा, आरसा कधी बसवायचा?

आणखी एक गोष्ट, जी बोलायलाच हवी. लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, शिवाय मुलीला मागे एकटं ठेवायची भीती संपते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३ टक्क्यांहून जास्त स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. हा आकडा एका जमातीचा नाही, अख्ख्या जिल्ह्याचा आहे. पूर्वीही लग्नं लवकरच व्हायची, जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा निदान ती सुई आईकडून लेकीच्या हातात जायची. आता दोघींच्याही हातात कोयता आहे.

कर्नाटकातल्या सांडूरकडे बघितलं की वेगळं चित्र दिसतं. तिथल्या लंबाणी भरतकामाला जीआय नोंदणी मिळाली आहे, बायका संस्थेतून काम करतात, मजुरी मिळते. २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा ४५० हून जास्त बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तीच जमात, तेच टाके. फरक एवढाच की तिथे सुईच्या कामाला दाम आहे. आपल्याकडे ‘कला जपा’ असं भाषणात सांगतात, पण त्या तासांचे पैसे कोण देणार हे कुणी सांगत नाही.

तोवर आपल्या हातात मोबाईल आहे. तुमच्या किंवा मित्राच्या घरी असा घुंगटो असेल, तर फोटो काढा, पण समोरून एक आणि उलट्या बाजूने एक. टाका कसा घातलाय ते उलट्या बाजूलाच कळतं. आणि ज्या आजीने तो भरला तिला विचारा, या टाक्याला तुम्ही काय म्हणता? ती सांगेल ते नाव तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा. फोटो नंतरही काढता येईल, पण ते नाव सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

भेटू पुढच्या भागात.